दोष एकाचा, नाव दुसऱ्याचं

मेलेले जंतूही जीव घेतात, हे रिचर्ड फायफर यांनी १८९२च्या सुमारास दाखवलं. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या संस्थेत ते कॉलऱ्यावर काम करत होते. उष्णतेनं मारलेले जंतू टोचले तरी गिनिपिग दगावत. म्हणजे विष जंतूच्या अंगातच होतं. तेच एंडोटॉक्सिन.

पण हे विष स्वतः फारसं काही मोडत नाही. मोडतोड करते ती आपलीच प्रतिकारयंत्रणा. पेशीच्या पृष्ठभागावर त्याची चाहूल घेणारा टीएलआर-४ हा ग्राही ब्रूस ब्यूटलर यांच्या गटानं १९९८मध्ये ओळखला. आतला गुन्हेगार मात्र आधीच पकडला गेलाय, असा समज होता. १९९५मध्ये कॅस्पेस-१ या एन्झाइमचं जनुक काढलेले उंदीर एंडोटॉक्सिनच्या मारक मात्रेतूनही वाचले होते. मग दोषी तोच, नाही का?

हा समज २०११पर्यंत टिकला. त्या वर्षी जेनेनटेक कंपनीच्या संशोधकांनी या उंदरांचं कूळ तपासलं. ते '१२९' नावाच्या वाणाच्या पेशींपासून घडवलेले होते, आणि त्या वाणात शेजारचं कॅस्पेस-११चं जनुक मुळातच बिघडलेलं होतं. दोन्ही जनुकं गुणसूत्रावर इतकी लगटून आहेत की पिढ्यान्‌पिढ्या संकर करूनही ती वेगळी होत नव्हती. त्या उंदरांना कॅस्पेस-११ परत दिलं, तेव्हा ते एंडोटॉक्सिननं पुन्हा मरू लागले.

२०१४मध्ये बीजिंगच्या फेंग शाओ यांच्या गटानं दाखवलं, की पेशीत शिरलेल्या विषाला कॅस्पेस-११ हे एन्झाइम थेट चिकटतं. पुढच्याच वर्षी त्याचं लक्ष्यही सापडलं: गॅसडर्मिन-डी हे प्रथिन. एन्झाइमनं त्याचे दोन तुकडे केले, की एक तुकडा पेशीच्या पटलाला भोकं पाडतो. पेशी फुगते आणि फुटते.

फुप्फुसात याची किंमत मोठी, कारण तिथे केशवाहिन्यांचं दाट जाळं आहे. त्यांच्या अस्तराच्या पेशी फुटल्या की द्रव वायुकोशांत झिरपतो आणि रक्तात प्राणवायू जाईनासा होतो. २०१७मध्ये शिकागोच्या संशोधकांनी फक्त या अस्तरातून कॅस्पेस-११ काढलं, तर उंदरांच्या फुप्फुसांची हानी घटली.

माणसात याचं काम कॅस्पेस-४ आणि ५ करतात. ते सरसकट बंद पाडावं, तर पेशीत घुसलेल्या जंतूंना मोकळं रान मिळण्याचा धोका. औषधाचा पेच तिथे आहे. आणि कॅस्पेस-१वरचे जुने निबंध वाचताना निष्कर्षाआधी उंदराचा वाण पाहावा लागतो.