शिकवण्याऐवजी शस्त्रक्रिया : शिरूर १९९४ आणि आपला गावचा दवाखाना

"तुझी पीएचडी नेमकी कशावर?" हा प्रश्न मला मिठबावात दर मे महिन्यात विचारला जातो. विचारणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा आंबा असतो, त्यामुळे उत्तर दोन वाक्यांत संपवावं लागतं. इथे जरा सविस्तर सांगते.

बौद्धिक अक्षमता असलेलं माणूस दवाखान्यात आलं तर त्याच्याशी कसं बोलायचं, त्याला तपासायचं कसं, त्याची संमती कशी घ्यायची, हे आपल्याकडच्या डॉक्टर, नर्स आणि आशाताईंना कधी आणि कोणी शिकवलं? की शिकवलंच नाही? माझा विषय हा. इतिहासाचा विद्यार्थी अशा ठिकाणी काय करतो, असं तुम्हाला वाटेल. पण जे शिकवलं गेलं नाही त्यालाही इतिहास असतो, आणि तो बराचसा कायद्याच्या पुस्तकांत सापडतो.

आधी शब्दांचं बघू. बौद्धिक अक्षमता म्हणजे ज्याला शाळेच्या पाटीवर 'मतिमंद' लिहिलं जायचं आणि आपल्या गावात सरळ 'येडो' म्हणतात, ते. हा मानसिक आजार नाही. मानसिक आजार कुठल्याही वयात येतो, त्यावर औषध असतं, तो बराही होऊ शकतो. बौद्धिक अक्षमता लहानपणापासून असते, ती गोळीने जात नाही आणि जायची गरजही नसते. अशा माणसाला गोष्टी सावकाश आणि वेगळ्या पद्धतीने शिकवाव्या लागतात, इतकंच.

हा फरक ब्रिटिश कायद्याने पुसून टाकला होता. १९१२ च्या भारतीय वेडेपणा कायद्यात 'वेडा' या शब्दाच्या व्याख्येतच जन्मापासून मंदबुद्धी असलेला माणूसही बसवला होता. म्हणजे दोघांची वाट एकच, वेड्यांच्या इस्पितळाची. आपल्यासाठी ते इस्पितळ रत्नागिरीचं. ते १८८६ साली सुरू झालं. सिंधुदुर्ग वेगळा जिल्हा झाला १९८१ मध्ये, त्यामुळे मिठबावचं सरकारी टोक कितीतरी वर्षं रत्नागिरीच होतं. "रत्नागिरीक धाडूक व्हया" ही चेष्टा तुम्हीही ऐकली असेल. पुढे १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मतिमंदत्व त्या व्याख्येतून स्पष्ट शब्दांत बाहेर काढलं. चांगलंच झालं. पण बाहेर काढून ठेवलं कुठे?

शाळेत. किंवा खरं तर समाजकल्याण खात्याच्या फायलीत. मुंबईत १९४४ साली वकील दांपत्याने आपल्या मुलीच्या निमित्ताने सुरू केलेली शाळा आज जय वकील म्हणून ओळखली जाते. पुण्यात १९६४ साली कामायनी उभी राहिली. सिकंदराबादला १९८४ मध्ये राष्ट्रीय संस्था निघाली. या सगळ्या ठिकाणी विशेष शिक्षकांनी एक जबरदस्त कला विकसित केली : कुठल्याही कामाचे लहान लहान तुकडे पाडायचे, एकेक तुकडा शिकवायचा, जमला की पुढचा. दात घासणं, बटण लावणं, बसचं तिकीट काढणं, सगळं याच रीतीने. १९९२ मध्ये भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा झाला आणि या शिक्षकांच्या प्रशिक्षणाला सरकारी चौकट मिळाली. डॉक्टर-नर्सचं शिक्षण मात्र वेगळ्या परिषदांकडे राहिलं. ज्ञान एका खात्यात आणि पेशंट दुसऱ्या खात्यात, अशी ही वाटणी. माझ्या मते सगळा घोळ इथे सुरू होतो.

तो किती भयंकर होऊ शकतो हे १९९४ च्या फेब्रुवारीत दिसलं.

पुणे जिल्ह्यात शिरूरला मतिमंद मुलींसाठी सरकारी वसतिगृह होतं. तिथल्या मुली आणि तरुण स्त्रियांना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणून त्यांची गर्भाशयं काढायची, असं ठरलं. गर्भाशयात आजार म्हणून नव्हे. कारण असं दिलं गेलं की या मुलींना पाळीच्या दिवसांत स्वच्छता ठेवता येत नाही आणि कर्मचाऱ्यांना ते सांभाळणं झेपत नाही. शस्त्रक्रिया सुरूही झाल्या. बातमी फुटली, स्त्री संघटना आणि आरोग्य चळवळीतले कार्यकर्ते रस्त्यावर आले, आणि उरलेल्या थांबल्या. तोवर अकरा जणींची गर्भाशयं काढून झाली होती. डॉ. अनंत फडके आणि इतर कार्यकर्ते मुंबई उच्च न्यायालयात गेले.

तेव्हाचा वाद आज वाचताना दोन गोष्टी ठळकपणे दिसतात. एक, या मुलींचं पालकत्व सरकारकडे होतं आणि संमतीही सरकारनेच दिली. ज्याला काळजी घ्यायची अडचण, तोच सही करणारा! दुसरं, बाजूने बोलणारे सगळे काही दुष्ट नव्हते. घरात मोठी झालेली अशी मुलगी असलेल्या काही आयांनाही तेव्हा वाटलं की बरं झालं, कोणीतरी आमची अडचण बोललं. ही गोष्ट चळवळीच्या आठवणींत फारशी येत नाही, पण ती टाळून चालत नाही. एकट्या बाईने वीस वर्षांच्या लेकीचे कपडे दर महिन्याला धुवायचे, तिला शाळा नाही, मदतीला कोणी नाही, अशा घरात 'काढून टाका' हा सल्ला सुटकेसारखा वाटू शकतो.

पण मग प्रश्न असा, की तिला दुसरा पर्याय कोणी दाखवला होता का? विशेष शिक्षकांचं म्हणणं तेव्हाही सरळ होतं. जी मुलगी संडासला स्वतः जायला शिकते, ती बहुधा पाळीची काळजीही घ्यायला शिकते. त्याच तुकड्यांच्या रीतीने. बाहुलीवर दाखवून, रंग ओळखायला शिकवून, घडी कुठे ठेवायची ती जागा ठरवून. ज्यांना हे पूर्ण जमणार नाही त्यांना माणसाची मदत लागेल, म्हणजे पुरेसे आणि शिकलेले कर्मचारी लागतील. शिरूरमध्ये कमतरता होती ती याची. कमतरता व्यवस्थेची, आणि कापलं मुलींना.

गर्भाशय काढल्याने अत्याचार झाला तरी गर्भ राहणार नाही, हाही मुद्दा दबक्या आवाजात होताच. त्यावरचं उत्तर तेव्हाच दिलं गेलं : अत्याचार त्याने थांबत नाही, फक्त कळायचा बंद होतो.

शिरूरनंतर कायदे बदलत गेले. ते भराभर सांगते. १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा, १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा. २००९ मध्ये चंडीगढच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या स्त्रीच्या गर्भाबद्दल तिची स्वतःची संमती लागते, शासन तिच्या वतीने परस्पर ठरवू शकत नाही. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १० म्हणतं की मोकळेपणाने आणि समजून दिलेल्या संमतीशिवाय कुणाही दिव्यांग व्यक्तीवर वंध्यत्व आणणारी वैद्यकीय प्रक्रिया करता येणार नाही. शिरूरचं उत्तर, बावीस वर्षांनी.

माझं लक्ष मात्र त्याच कायद्याच्या कलम ४७ वर असतं, ज्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. डॉक्टर, नर्स, निमवैद्यकीय कर्मचारी यांच्या अभ्यासक्रमात दिव्यांगत्व हा भाग हवा, असं ते कलम सांगतं. आणि त्या यादीत चक्क आशा आणि अंगणवाडी कार्यकर्त्याही नावानिशी आहेत. म्हणजे मिठबावात घरोघर फिरणारी आशाताई थेट संसदेच्या कायद्यात! याआधी प्रयत्न झालाच नव्हता असं नाही. पुनर्वास परिषदेने १९९९ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टरांसाठी दिव्यांगत्वाची ओळख करून देणारा कार्यक्रम राबवला होता. पण नोकरीत आलेल्याला ओळख करून देणं वेगळं आणि कॉलेजातच शिकवणं वेगळं. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात दिव्यांगत्वाबद्दलची कौशल्यं आली ती २०१९ मध्ये, पायाभूत अभ्यासक्रमात, सात तासांची. ३१ ऑगस्ट २०२४ ला आलेल्या नव्या मार्गदर्शक तत्त्वांतून ते सात तासही गायब झाले. ती तत्त्वं इतरही कारणांनी गाजली आणि पाच दिवसांत मागे घेतली गेली, पण एवढं पुसायला किती कमी वेळ लागतो ते कळलं.

सात तासांनी काय होणार, असं कुणी म्हणेल. एक उदाहरण देते. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या राइस, लेव्हिटन आणि शिश्को या संशोधकांनी एका चुकीला नाव दिलं. मराठीत मी त्याला 'निदानाची सावली' म्हणते. पेशंटला बौद्धिक अक्षमता आहे हे कळलं, की त्याचं प्रत्येक लक्षण त्याच खात्यात टाकलं जातं. तो डोकं आपटतोय, कारण 'तसाच आहे'. दाढ दुखत असेल, कान फुटला असेल, हे सुचतच नाही. त्यांचा अभ्यास मानसिक त्रासाबद्दल होता, पण दाढेलाही ती सावली तशीच पडते. ही चूक शिकवून कमी करता येते, कारण ती हुशारीची नाही, सवयीची आहे.

इंग्लंडला हे फार महागात शिकावं लागलं. ऑलिव्हर मॅकगोवन हा अठरा वर्षांचा मुलगा. त्याला स्वमग्नता, सौम्य बौद्धिक अक्षमता आणि फिट्स होत्या. २०१६ मध्ये ब्रिस्टलच्या रुग्णालयात त्याला मनोविकारावरचं औषध दिलं गेलं. ते नको असं तो आणि आईवडील सांगत होते. त्यातच तो गेला. आईने लढा दिला आणि २०२२ च्या कायद्याने तिथल्या आरोग्य व काळजी सेवेतल्या कर्मचाऱ्यांना हे प्रशिक्षण बंधनकारक झालं. त्याला मुलाचंच नाव आहे. मला त्यातली एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते : शिकवणाऱ्यांमध्ये स्वतः बौद्धिक अक्षमता असलेली माणसंही असतात.

तिथल्या रुग्णालयांत आणखी एक साधी वस्तू वापरतात. पेशंटबद्दलचा कागद, घरच्यांनी भरलेला, तपासणीआधी वाचायचा. त्याला ना मशीन लागतं ना बजेट. आपल्याकडे ओरोसला आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे, बांबोळीला आपण पिढ्यान् पिढ्या जातोय, गावात आशाताई आहे. घरात असं कुणी असेल तर तुम्ही आजच भरू शकता. मी नमुना म्हणून मालवणीत एक केलाय, कारण दुखणं माणूस घरच्याच भाषेत सांगतो :

"माका 'खंय दुखता' विचारलास तर मी हो म्हणतलंय, खंयव दुखत नसलां तरी. म्हणान एकेक जागेर हात लावन विचारा. दुखलां की मी बोलणंय नाय, भिंतीकडे तोंड करून बसतंय. सुई आधी दाखवा, मगे टोचा. आवशीक विचारा, पण माझ्याकडे बघून विचारा."