ॲनिमेशन-व्हीएफएक्सची पदवी: तीन वर्षांत मी नेमकं काय शिकले?

बारावीचा निकाल लागला की माझ्या फोनवर एक मेसेज हमखास येतो, "ताई, मला ब्लेंडर थोडंफार येतं, ॲनिमेशनला ॲडमिशन घेऊ का?" याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

मी मूळची कराडची. २०२२ मध्ये पुण्यातल्या एका कॉलेजात बीएस्सी ॲनिमेशनला प्रवेश घेतला आणि २०२५ मध्ये पास झाले. फीसाठी बाबांनी एक एफडी मोडली. आईने तेव्हा विचारलं होतं, "कार्टून काढायला पदवी कशाला लागते गं?" मला उत्तर देता आलं नव्हतं.

आधी एक गोंधळ दूर करू. ॲनिमेशन म्हणजे जे हलत नाही त्याला हालचाल देणं, मग ते कागदावरचं चित्र असो, मातीची बाहुली असो की थ्रीडी मॉडेल. व्हीएफएक्स म्हणजे कॅमेऱ्याने शूट केलेल्या दृश्यात नंतर काहीतरी घालणं किंवा काढणं. 'लाइफ ऑफ पाय'मधला वाघ बहुतेक शॉट्समध्ये कॉम्प्युटरवर बनवलेला आहे, तो व्हीएफएक्स. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी काड्यापेटीतल्या काड्या एकेक फ्रेमला सरकवून त्या पडद्यावर नाचवल्या होत्या, ते ॲनिमेशन. कोर्समध्ये दोन्ही एकत्र शिकवतात, पण नोकरीच्या वाटा बऱ्यापैकी वेगळ्या आहेत.

पहिलं वर्ष म्हणजे चेंडू

मला वाटलं होतं पहिल्याच दिवशी माया उघडून ड्रॅगन बनवायचा. प्रत्यक्षात पहिलं सेमिस्टर पेन्सिल, कागद आणि एक चेंडू. चेंडू जमिनीवर आपटतो, वर जातो, पुन्हा खाली येतो. बस्स. हा एक व्यायाम मी किती वेळा परत केला ते मोजलंच नाही.

गंमत अशी की त्या चेंडूत जवळपास सगळं असतं. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम्सने चालतो. चेंडू वर पोचताना हळू होतो, म्हणून तिथे चित्रं जवळजवळ काढायची. खाली येताना वेग वाढतो, म्हणून लांब लांब. एवढ्या अंतराच्या फरकावर बघणाऱ्याला कळतं की हा टेनिसचा बॉल आहे की लोखंडी गोळा. डिस्नेचे ॲनिमेटर फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ च्या पुस्तकात ॲनिमेशनची १२ तत्त्वं मांडली, ती आजही हाच अभ्यास करून शिकवतात. सॉफ्टवेअर कुठलंही असो, ती बदलत नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे 'टूज'. प्रत्येक फ्रेमला नवं चित्र न काढता एकच चित्र दोन फ्रेम धरून ठेवायचं, म्हणजे सेकंदाला २४ ऐवजी १२ चित्रं. 'स्पायडर-मॅन: इनटू द स्पायडर-व्हर्स'मध्ये सुरुवातीचा नवखा माइल्स असाच टूजवर आहे, म्हणून तो जरा अडखळल्यासारखा वाटतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रेंडरने केलेला घात

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ४० सेकंदांची फिल्म जमा करायची होती. मी आणि माझ्या रूममेटने पैसे काढून एक असेंबल्ड पीसी घेतला होता. माझा सीन होता पावसातली एसटी स्टँडची टपरी, एकच शॉट, कॅमेरा स्थिर. ब्लेंडरच्या सायकल्स रेंडररवर एका फ्रेमला साधारण ६ मिनिटं लागत होती. हिशोब करा: ४० गुणिले २४ म्हणजे ९६० फ्रेम्स, म्हणजे ५,७६० मिनिटं, म्हणजे सलग ४ दिवस. सायकल्स प्रकाशाचे किरण खऱ्यासारखे आपटत-परावर्तित होत मोजतो, म्हणून इतका वेळ.

माझ्याकडे साडेपाच दिवस होते. मी रेंडर लावला आणि आउटपुट सरळ एमपी४ व्हिडिओ ठेवला. तिसऱ्या रात्री लाइट गेली. यूपीएस नव्हता.

सकाळी फाइल उघडेचना. कारण साधं आहे, पण मला तेव्हा माहीत नव्हतं. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका, म्हणजे कुठली फ्रेम कुठे आहे ही यादी, बहुतेक वेळा अगदी शेवटी लिहिली जाते. मध्येच बंद पडलं की आत डेटा असूनही प्लेअरला तो सापडत नाही. फाइल जमा झाली नाही तर विषय राहणार होता. बाबांना फोन लावला आणि काही न सांगता ठेवून दिला.

हातात अडीच दिवस उरले होते आणि रेंडर हवा होता चार दिवसांचा. रूममेट म्हणाली, "अगं, टूजवर कर ना!" ब्लेंडरमध्ये फ्रेम स्टेप २ केली की एकाआड एक फ्रेम रेंडर होते. ४८० फ्रेम्स, ४८ तास. नंतर एडिटिंगमध्ये प्रत्येक चित्र दोनदा धरायचं. कॅमेरा स्थिर होता म्हणून हे चाललं. कॅमेरा फिरत असता तर सगळं धडधडत दिसलं असतं. या वेळी आउटपुट पीएनजी चित्रांची मालिका ठेवलं. तसं केलं की लाइट गेली तरी झालेल्या फ्रेम्स डिस्कवर सुरक्षित राहतात, आणि 'ओव्हरराइट'ची खूण काढली की पुढच्या वेळी ब्लेंडर त्या सोडून पुढे जातो.

सबमिशनला सरांनी विचारलं, "टूजवर का केलंस? पाऊस तुटक दिसतोय." मी खरं ते सांगितलं. त्यांनी मार्क कापले, पण वर्गात माझी बिघडलेली फाइल उघडायला लावून सगळ्यांना कारण समजावलं.

फोनवरून सुरुवात करता येते का?

येते. फ्लिपाक्लिपवर चेंडूचा व्यायाम होतो, स्टॉप मोशन स्टुडिओमध्ये काड्या नाचवता येतात. पण फोनवर शूट करून त्यात थ्रीडी वस्तू बसवायची असेल तर आधी स्टॅबिलायझेशन बंद करा, कारण ते प्रत्येक फ्रेम थोडी ताणते-वाकवते आणि कॅमेरा ट्रॅकिंग चुकतं. स्क्रीनवर बोट दाबून ठेवून फोकस आणि एक्सपोजर लॉक करा. बरेच फोन व्हिडिओचा फ्रेम रेट मध्येच बदलतात, म्हणून एडिट करण्याआधी तो २४ किंवा २५ वर कायम करून घ्या. यातलं काहीच आम्हाला पुस्तकात नव्हतं, चुकून चुकून कळलं.

सॉफ्टवेअरसाठी पैसे घालवू नका. ब्लेंडर पूर्ण मोफत आहे. माया विद्यार्थ्यांना मोफत मिळतं, हुडिनी आणि न्यूकच्याही शिकण्यापुरत्या मोफत आवृत्त्या आहेत. फक्त त्यांवर कमाईचं काम करायचं नाही.

आणि नोकरी?

आमच्या कॉलेजच्या माहितीपत्रकात शंभर टक्के प्लेसमेंट लिहिलं होतं. प्रत्यक्षात बहुतेकांना इंटर्नशिप मिळाली, तीही रोटोची. रोटो म्हणजे शॉटमधल्या माणसाभोवती फ्रेमगणिक रेषा ओढून त्याला मागच्या दृश्यापासून वेगळं करणं. मॅक्स फ्लायशरला रोटोस्कोपचं पेटंट १९१७ मध्ये मिळालं, इतकं जुनं हे काम. आता एआय टूल्स पुष्कळ भाग करून देतात, पण उडणारे केस आणि मोशन ब्लर आला की हाताने बसावंच लागतं. भारतातल्या व्हीएफएक्स कंपन्यांत नव्या मुलांची सुरुवात बऱ्याचदा इथूनच होते. मीही सध्या तेच करते, आणि मला ते वाटलं होतं तेवढं कंटाळवाणं वाटत नाही.

माझ्या शेवटच्या सेमिस्टरला, फेब्रुवारी २०२५ मध्ये, टेक्निकलर हा जुना मोठा समूह कोसळला आणि भारतातलं कामही थांबलं. वर्गात त्या दिवशी कोणी फारसं बोललं नाही. त्यानंतर आठ-दहा दिवसांतच 'फ्लो' या लॅटव्हियाच्या चित्रपटाला ऑस्कर मिळालं, तो ब्लेंडरमध्येच बनला होता. दोन्ही बातम्या खऱ्या आहेत. कोणी एकच दाखवत असेल तर सावध राहा.

आईच्या प्रश्नाचं माझं आजचं उत्तर असं: सॉफ्टवेअर यूट्यूबवर शिकता येतं. कॉलेजात मिळते ती रोज तुमचं काम बघून "इथे वजन दिसत नाही" असं सांगणारी माणसं, आणि चुकवता न येणारी तारीख. मुलाखतीत माझी मार्कशीट कोणी उघडली नाही, एक मिनिटाची शोरील दोनदा बघितली आणि विचारलं, "यातलं नेमकं तू काय केलंस?"

म्हणून ॲडमिशनआधी कॉलेजला गेल्या वर्षीच्या मुलांच्या शोरील दाखवायला सांगा. टाळाटाळ झाली तर समजून जा. शिकवणाऱ्यांनी स्टुडिओत काम केलंय का ते विचारा. चित्रकला आणि डिझाइनची खरी आवड असेल तर युसीड आणि एनआयडीची परीक्षाही द्या, युसीडला बारावीची कुठलीही शाखा चालते. आणि लॅब संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडी असते, तिथे यूपीएस आहे का, हे स्वतः जाऊन बघून या.