वाईचे घाट आणि प्राज्ञपाठशाळा

कृष्णाकांठच्या वाईस जुने लोक दक्षिणकाशी म्हणत आले. प्रत्येक तीर्थास काशीची उपमा देण्याची आपल्याकडे चालच आहे. तेव्हां एवढ्यावरून कांहीं सिद्ध होत नाहीं. परंतु यात्रेकरूंची काशी निराळी व पंडितांची काशी निराळी, आणि हें दुसरें अंगही ज्या थोड्या गांवांना लाभलें त्यांत वाईची गणना करावी लागते. एकाच नदीकांठीं, चार-दोन आळ्यांच्या अंतरावर, हीं दोन अंगें एकमेकांशेजारीं कशीं नांदलीं, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम घाटांकडे पाहूं. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह अशा आळ्यांत गांव विभागलें आहे व घाटही आळीचा म्हणूनच ओळखला जातो. माघापासून कृष्णाबाईचा उत्सव सुरू होतो. तो साऱ्या गांवाचा एक नसून एकेका घाटाचा आळीपाळीनें होतो. मांडव पडतो, देवी येऊन बसते, कीर्तनें होतात, सुवासिनी ओटी भरतात, प्रसादाचीं पानें मांडलीं जातात, आणि एका घाटाचें आटोपलें कीं दुसऱ्याचें आरंभतें. १६५९ सालीं अफजलखान चालून आला असतां गांवांतील एका शास्त्र्यानें संकट टळावें म्हणून नदीस नवस केला व त्याची ही फेड, अशी आख्यायिका आहे. नदीस बाई म्हणून हांक मारणाऱ्या लोकांस शास्त्रार्थाची गरज भासत नाहीं. वर्गणी, पाळी आणि मान यांवर त्यांचा धर्म उभा असतो, व तो फार चिवट असतो. मात्र इतर क्षेत्रांप्रमाणें येथेंही पंगतीची रेषा जातीनें आंखलेली होती, हें विसरून या उत्सवाचें कौतुक करणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

रास्त्यांनीं १७६२ सालीं बांधलेलें ढोल्या गणपतीचें देऊळ याच घाटावर आहे. त्याची मागील भिंत माशाच्या आकाराची निमुळती केली आहे. हेतु हा कीं, पुराचें पाणी आदळण्याऐवजीं दुभंगून दोहों बाजूंनीं निघून जावें. देवावर भार टाकूनही पाण्याचा विचार करणारा तो गवंडी मला नेहमींच आवडत आला आहे.

या गांवांत नारायणशास्त्री मराठे यांनीं १९१६ सालीं प्राज्ञपाठशाळा नांवारूपास आणिली. शास्त्रीबुवा प्रज्ञानंद सरस्वतींचे शिष्य. पाठशाळेच्या नांवांत त्या गुरूंचें स्मरण आहे. वेदान्त व मीमांसा हे त्यांचे विषय. जुन्या पद्धतीचें कसून अध्ययन करावयाचें, परंतु अध्ययनाचा शेवट पाठांतरांत न होतां विचारांत व्हावा, असा त्यांचा कटाक्ष होता. १९१७ सालीं साबरमतीच्या आश्रमांतून रजा घेऊन विनोबा भावे येथें आले आणि उपनिषदें व शांकरभाष्य शिकले. त्या मुदतींत त्यांनीं वाचनालय काढलें आणि पुस्तकांच्या पैशांसाठीं विद्यार्थ्यांसह जात्यावर दळण दळलें. ब्रह्मसूत्रें वाचणाऱ्या तरुणांनीं दुसऱ्यांचें पीठ दळून द्यावें, हें दृश्य त्या काळच्या वैदिक मंडळींस खचित नवें वाटलें असेल.

पाठशाळेचें खरें साहस मात्र धर्मकोश हें होय. वेदांपासून निबंधग्रंथांपर्यंत धर्मशास्त्राचीं सर्व वचनें विषयवार गोळा करावयाचीं व प्रत्येक विषयाखालीं कालानुक्रमानें मांडावयाचीं, अशी ही योजना. १९३७ सालीं त्यांतील व्यवहारकांडाचा पहिला भाग छापून निघाला. वर पाहतां हें निरुपद्रवी संग्राहकाचें काम दिसतें. पण कालानुक्रम हा शब्द लक्षांत घ्यावा. 'शास्त्र असें सांगतें' या वाक्यांतील शास्त्र एकवचनी व अचल आहे अशी ज्याची समजूत आहे, त्याच्यापुढें एकाच प्रश्नावरचीं शतकाशतकांचीं भिन्न उत्तरें ओळीनें ठेवलीं, म्हणजे वादविवादावांचून त्याची समजूत डळमळूं लागते. दायभाग असो वा स्त्रीधन असो, नियम कालांतरानें बदललेला दिसतो. आणि पूर्वीं बदलला असेल तर पुढें कां बदलूं नये, हा प्रश्न वाचकाच्या मनांत आपोआप उठतो. सुधारकांचीं कित्येक व्याख्यानें एका पारड्यांत व हा कोश दुसऱ्यांत घातला, तर मी कोशाचेंच पारडें जड मानीन.

या कोशाचे संपादक लक्ष्मणशास्त्री जोशी. खानदेशांतील पिंपळनेरचा हा मुलगा लहानपणींच वाईस आला आणि पुढें कलकत्त्याची तर्कतीर्थ पदवी मिळवून परतला. १९३२-३३ सालीं अस्पृश्यतेच्या प्रश्नावर सनातनी पंडित गांधीजींविरुद्ध वचनें काढीत असतां लक्ष्मणशास्त्र्यांनीं त्याच ग्रंथांच्या आधारें गांधीजींची बाजू मांडली. जून १९३३ मध्यें पुण्यास देवदास गांधी व राजगोपालाचारींची कन्या लक्ष्मी यांचा विवाह त्यांनीं लाविला. वर वैश्य, वधू ब्राह्मण. म्हणजे शास्त्रकारांनीं अधिक निंद्य मानिलेला प्रतिलोम विवाह, आणि तो लावणारा वाईचा शास्त्री. पुढें ते मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे वळले व १९४१ च्या 'हिंदुधर्माची समीक्षा' या ग्रंथांत त्यांनीं धर्मावरच परखड टीका केली.

इकडे गुरूंनीं १९३१ सालीं संन्यास घेऊन केवलानंद सरस्वती हें नांव धारण केलें होतें. गुरु संन्यासी व वेदान्ती, शिष्य बुद्धिवादी. तरी दोघेही त्याच पाठशाळेचे राहिले. पंथ फुटतांच मठ फोडण्याची आमची जुनी खोड पाहतां, ही गोष्ट मला कोशाच्या खंडांइतकीच मोलाची वाटते. केवलानंदांचा मीमांसाकोश १९५२ पासून निघूं लागला. १९५५ सालीं त्यांनीं देह ठेविला, त्यानंतरही त्याचे खंड निघत राहून ते सात झाले. १९६० नंतर लक्ष्मणशास्त्र्यांच्या अध्यक्षतेखालीं मराठी विश्वकोशाचें कार्यालयही मुंबई-पुण्यास न राहतां वाईस आलें, आणि १९७६ सालीं त्याचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. लक्ष्मणशास्त्री १९९४ सालीं वारले.

कृष्णाबाईचा उत्सव आजही होतो. धर्मकोशाचे जाडजूड खंड घाटावरच्या किती घरांत असतील, याची मला शंकाच आहे; आणि घाटावरच्या कीर्तनास पाठशाळेंतील शास्त्री श्रोते म्हणून बसत, तेव्हां कथेकऱ्यास कोणी मध्येंच पुराणांतील वचनाचा काळ विचारी असेंही नाहीं. माघांत मांडव उभा राहिला कीं आळींतील मुलें वर्गणीची वही घेऊन दारोदार हिंडतात, आणि पाठशाळेच्या दारावरूनच पुढें जातात.