आकाश टॅबलेट आणि चिपची न सांगितलेली भाषा

एप्रिल २०२५ मध्ये नवा रायपूर येथे गॅलियम नायट्राइडच्या चिप घडविणाऱ्या कारखान्याची पायाभरणी झाली. देशात चिपनिर्मितीची स्वप्ने आकार घेत असताना एक जुना प्रश्न पुन्हा विचारावयास हवा. चिप तयार झाल्यावर तिच्याशी संवाद साधण्याची रीत उत्पादकाने कोणाला सांगावयाची? ‘आकाश’ टॅबलेटच्या इतिहासात या प्रश्नाचे महत्त्व स्पष्ट दिसते.

११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते दिल्लीत ‘आकाश-२’चे अनावरण झाले. प्रकल्पाची धुरा मुंबईच्या आयआयटीकडे होती. टॅबलेटमध्ये ऑलविनर कंपनीची ए-१३ चिप, ५१२ मेगाबाइट रॅम आणि चित्रे रेखाटण्यासाठी आर्म कंपनीने आखलेला ‘माली-४००’ हा ग्राफिक्स विभाग होता. अँड्रॉइड तर होतेच. परंतु विद्यार्थ्याने या यंत्रावर प्रोग्रामिंगही करावे, या हेतूने आयआयटीतील गटाने मेमरी कार्डावरून चालणारे जीएनयू-लिनक्सही त्यासाठी सिद्ध केले.

ऑपरेटिंग सिस्टीम चिपला आज्ञा देते ती ड्रायव्हरमार्फत. कोणत्या रजिस्टरमध्ये कोणती संख्या लिहिली असता काय घडते, हे चिपकडे पाहून कळत नाही. ते उत्पादकाच्या दस्तऐवजात असते. मालीच्या ड्रायव्हरचा कर्नेलमधील भाग खुला होता, परंतु चित्राचे चिपच्या आज्ञांत रूपांतर करणारा मुख्य भाग केवळ बंद बायनरीच्या रूपात मिळे. अशी बायनरी ठरावीक आवृत्त्यांशीच जुळते. कर्नेल पुढे सरकला की धडधाकट यंत्रही मागे पडते.

हे कुलूप उघडण्याचा प्रयत्न त्याआधीच युरोपात सुरू झाला होता. ल्यूक व्हरहेगन हे बेल्जियमचे प्रोग्रामर पूर्वी सूसेमध्ये असताना एएमडीच्या ग्राफिक्स कार्डांसाठी मुक्त ड्रायव्हर लिहिणाऱ्या चमूत होते. सप्टेंबर २००७ मध्ये एएमडीने दस्तऐवज खुले करण्याची घोषणा केली आणि त्याच महिन्यात त्या चमूचा पहिला ड्रायव्हर प्रसिद्ध झाला. मालीच्या बाबतीत मात्र असे सहकार्य नव्हते. म्हणून व्हरहेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंद बायनरी चिपकडे कोणत्या आज्ञा धाडते, याची नोंद घेण्यास आरंभ केला. चित्रात एकच बदल करावा आणि आज्ञांच्या प्रवाहात काय बदलले ते पाहावे, ही प्रयोगशाळेतलीच पद्धत होय. फेब्रुवारी २०१२ मध्ये ब्रुसेल्स येथे ‘लिमा’ नावाने हे काम जाहीर झाले. पुढे ते रेंगाळले, इतरांनी ते पुन्हा हाती घेतले, आणि जुलै २०१९ मध्ये लिनक्स ५.२ मध्ये लिमाचा समावेश झाला. तोवर आकाश-२च्या अनावरणाला साडेसहा वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

आकाश योजना केवळ यामुळे मागे पडली, असे म्हणता येणार नाही. उत्पादकांनाही पेटंटची, प्रतिस्पर्ध्यांची आणि परस्परांतील करारांची बंधने असतात; ऑलविनरकडेही मालीचा केवळ परवाना होता. तरीही दोन उदाहरणांतील अंतर बोलके आहे. दस्तऐवज हाती असताना जे काम काही महिन्यांत मार्गी लागले, तेच ते नसताना सात वर्षे चालले. त्या काळात खर्ची पडलेली बुद्धी नवे काही शोधण्यात नव्हे, तर उत्पादकाला ठाऊक असलेलेच पुन्हा शोधण्यात गेली.

आज रायपूरच्या एनआयटीतील विद्यार्थी लिमाचा स्रोत ओळीगणिक वाचू शकतो. ही मुभा चिप घडतानाच मिळावयास हवी. लाखो विद्यार्थ्यांसाठी यंत्रे विकत घेणारे सरकार हा मोठा ग्राहक असतो. किमतीइतकाच दस्तऐवजाचा आग्रह त्याने निविदेतच धरला, तर स्वस्त यंत्राचे आयुष्य उत्पादकाच्या मर्जीवर अवलंबून राहणार नाही.