चाचेगिरी आणि 'खासगी हेतू'

समुद्री चाच्यांचा अभ्यास करताना मी दोनच शब्दांपाशी पुन्हा पुन्हा थांबतो : 'खासगी हेतू'. १९८२च्या सागरी कायद्याच्या कराराने खुल्या समुद्रात एका जहाजातून दुसऱ्यावर खासगी हेतूने केलेल्या हल्ल्यालाच चाचेगिरी मानले. १९८५मध्ये 'अकिले लाउरो' ताब्यात घेणारे पॅलेस्टिनी बंदूकधारी प्रवासी म्हणूनच जहाजावर चढले होते आणि त्यांना खंडणी नव्हे, कैद्यांची सुटका हवी होती. व्याख्या तोकडी पडली. १९८८मध्ये रोमला वेगळा करार झाला.

कागदावरची ही वाटणी पाण्यावर टिकत नाही. नोव्हेंबर २००८मध्ये मुंबईवर चालून आलेल्या दहा जणांनी आधी पोरबंदरची 'कुबेर' ही मासेमारी बोट पळवली, तिच्यावरील खलाशांना मारले. पद्धत चाच्यांची, हेतू दहशतीचा.

२०२३च्या अखेरीस दुसरी गाठ दिसली. हूथींनी तांबड्या समुद्रात 'गॅलक्सी लीडर' पकडले. नौदलांचे लक्ष तिकडे वळले आणि महिन्याभरात सोमाली चाच्यांनी 'रुएन' पळवले. मार्च २०२४मध्ये 'आयएनएस कोलकाता'ने १७ खलाशी सोडवून ३५ चाचे मुंबईत आणले. त्यांच्यासाठी २०२२चा चाचेगिरीविरोधी कायदा हाताशी होता. १९९९च्या 'अलोन्ड्रा रेनबो' प्रकरणात तो नव्हता; सत्र न्यायालयात दोषी ठरलेले आरोपी २००५मध्ये उच्च न्यायालयातून सुटले.

हेतूची छाननी न्यायालयाने जरूर करावी. किनाऱ्यावरच्या पहाऱ्याने मात्र बेपत्ता होडी हीच पहिली खूण मानावी, असे मला वाटते.