तळटीप : ‘अँजिओग्राफी स्वच्छ निघाली, पण डाव्या हाताची नाडी लागेना’

इथे वाचकाला विसंगती वाटेल; ती नाही. लेखिकेला झालेला ताकायासू आर्टरायटिस हा महाधमनीच्या आणि तिच्या मोठ्या फाट्यांच्या भिंतींचा दाह आहे. तो बहुतेक तरुण स्त्रियांना गाठतो. जपानी नेत्रतज्ज्ञ मिकितो ताकायासू यांनी १९०८ मध्ये त्याची नोंद केली, तीही डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांवरून. अँजिओग्राफीत दिसते ती फक्त रक्त वाहण्याची पोकळी, तीही तपासलेल्या धमन्यांचीच; हाताची धमनी त्यात नसेल तर तिचा अरुंदपणा दिसत नाही. भिंत सुजली तरी पोकळी आक्रसेपर्यंत चित्र निर्दोषच येते. एमआरआय थेट भिंत दाखवतो. वाहते रक्त काळे दिसेल अशा पद्धतीने आडवा छेद घेतला आणि शिरेतून गॅडोलिनियम हे कॉन्ट्रास्ट द्रव्य दिले, की काळ्या वर्तुळाभोवती सुजलेल्या भिंतीचे जाड, उजळ कडे उमटते. किरणोत्सर्ग नसल्याने तपासणी पुन्हापुन्हा करता येते. युरोपीय संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये या आजारासाठी एमआरआयलाच पहिली पसंती दिली.

पुढच्या प्रकरणात लेखिका प्रत्येक अहवालातल्या ‘जाडी कायम’ या शेऱ्याने धास्तावते. दाह शमल्यावरही भिंत जाड राहू शकते. म्हणून डॉक्टर लक्षणे, रक्ततपासण्या आणि नव्याने कुठे अरुंदपणा आला का, हे सारे एकत्र पाहतात. स्टेरॉइड सुरू झाल्यावर केलेला एमआरआय उलट फसवाही ठरतो, कारण सूज ओसरू लागलेली असते. मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन तपासल्याशिवाय गॅडोलिनियम न देणारा तंत्रज्ञ तिला आडमुठा वाटला. पण मूत्रपिंडे कमजोर असतील तर गॅडोलिनियम धोक्याचे ठरू शकते आणि भारतीय रुग्णांत मूत्रपिंडाच्या धमन्या अनेकदा बाधित असतात, तेव्हा त्याचे बरोबरच होते.