रेडिएटर (गृहतापन)

रेडिएटर हे थंड हवामानाच्या देशांत घरे उबदार ठेवण्यासाठी वापरले जाणारे एक उपकरण आहे. बॉयलरमध्ये तापवलेले पाणी पंपाच्या साहाय्याने नळ्यांतून रेडिएटरमध्ये खेळवले जाते आणि त्याची उष्णता खोलीतील हवेला मिळते. मराठीत हा शब्द मुख्यतः मोटारगाडीचे इंजिन थंड ठेवणाऱ्या भागासाठी रूढ आहे. दोन्हींचे तत्त्व एकच असले, तरी उद्देश परस्परविरुद्ध आहेत. ब्रिटनमधील बहुसंख्य घरांत ही व्यवस्था आढळते. पुढील वर्णन मुख्यतः तेथील पद्धतीला अनुसरून आहे.

रेडिएटर पुरेसा न तापणे हा या व्यवस्थेतील नेहमीचा दोष होय. बॉयलर चालू असूनही एखादाच रेडिएटर थंड राहत असेल, तर दोष बहुधा पाण्याच्या प्रवाहात असतो. रेडिएटरचा नेमका कोणता भाग थंड आहे, यावरून त्याचे कारण ओळखता येते.

इतिहास

आधुनिक रेडिएटरच्या शोधाचे श्रेय सामान्यतः रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथील उद्योजक फ्रांत्स सान गाल्ली यांना दिले जाते. त्यांनी १८५० च्या दशकात हे उपकरण तयार केले. प्रारंभीचे रेडिएटर ओतीव लोखंडाचे व अतिशय जड असत. पुढे पोलादी पत्र्याचे हलके रेडिएटर प्रचारात आले. खोलीच्या तापमानानुसार आपोआप उघडमीट होणारी झडप डेन्मार्कमधील अभियंते मॅड्स क्लाऊसेन यांनी १९४३ मध्ये विकसित केली.

रचना व कार्य

रेडिएटरला सहसा दोन नळ्या जोडलेल्या असतात. एकीतून गरम पाणी आत येते व दुसरीतून निवलेले पाणी बॉयलरकडे परतते. एका टोकाला तापमान नियंत्रित करणारी झडप असते. तिच्या डोक्यातील मेण किंवा द्रव उष्णतेने प्रसरण पावतो व एक बारीक खिळी आत दाबून प्रवाह कमी करतो. दुसऱ्या टोकाची झडप प्रवाहाचे प्रमाण ठरवण्यासाठी असून तिच्यावर टोपण असते. वरच्या कोपऱ्यात हवा सोडण्याचा लहान स्क्रू असतो.

‘रेडिएटर’ या नावावरून प्रारणाचा बोध होत असला, तरी प्रत्यक्षात बरीचशी उष्णता हवेच्या अभिसरणाने पसरते. त्यामुळे समोर सोफा किंवा वर लांब पडदा असल्यास सुस्थितीतील रेडिएटरही खोली नीट तापवू शकत नाही.

दोषांची लक्षणे व उपाय

वरचा भाग थंड, खालचा गरम: आत हवा साठली आहे. तापन बंद करून रेडिएटर निवू देतात. स्क्रूखाली फडके धरून तो विशिष्ट किल्लीने पाव ते अर्धा फेरा सैल करतात. हवेचा फुसफुस आवाज थांबून पाणी येऊ लागताच तो बंद करतात. त्यानंतर बॉयलरवरील दाबमापक पाहणे आवश्यक असते. बंदिस्त व्यवस्थेत थंड स्थितीतील दाब साधारणतः १ ते १.५ बार असावा लागतो. तो कमी झाल्यास नळाचे पाणी भरून घेतात आणि भरण्याची झडप पूर्ण बंद करतात.

खालचा मधला भाग थंड, वरचा गरम: तळाशी गाळ बसला आहे. हा काळा गाळ मुख्यतः लोखंडाच्या ऑक्साइडचा असतो. रेडिएटर काढून घराबाहेर पाण्याच्या जोरदार धारेने धुतात, किंवा यंत्राच्या साहाय्याने संपूर्ण व्यवस्था धुऊन घेतात. नंतर पाण्यात गंजरोधक रसायन मिसळतात. परतीच्या नळीवर चुंबकीय गाळणी बसवल्यास पुढील गाळ तिच्यात अडकतो.

एकच रेडिएटर पूर्ण थंड: झडपेतील खिळी अडकलेली असू शकते. उन्हाळ्यात झडप दीर्घकाळ बंद राहिल्यास असे घडते. डोके काढून खिळी हलकेच दाबली असता ती स्वतःहून वर यावयास हवी. ती पकडीने ओढल्यास उपटून पाणीगळती होण्याचा धोका असतो.

बॉयलरजवळचे रेडिएटर गरम, दूरचे कोमट: प्रवाहाची वाटणी असमान आहे. पाणी कमी अडथळ्याच्या मार्गाने जाते. म्हणून जवळच्या रेडिएटरांच्या टोपणाखालील झडपा थोड्या थोड्या आवळतात व सर्वांत दूरची पूर्ण उघडी ठेवतात. यास रेडिएटरांचे संतुलन म्हणतात.

वारंवार हवा साठणे

एखाद्या वेळी हवा साठणे स्वाभाविक असते. मात्र ती पुन्हा पुन्हा साठत असल्यास केवळ हवा सोडणे हा उपाय ठरत नाही. गळतीमुळे दाब कमी होतो, म्हणून नवे पाणी भरले जाते. त्या पाण्याबरोबर प्राणवायू येतो व पोलाद गंजते. गंजण्याच्या प्रक्रियेत हायड्रोजनही निर्माण होऊ शकतो. म्हणजेच सोडला जाणारा वायू नेहमी निव्वळ हवा असेलच असे नाही. तो ज्वलनशील असू शकत असल्याने स्क्रू उघडताना जवळ ज्योत ठेवत नाहीत. अशा वेळी गळती शोधणे हाच मूळ उपाय होय.

मर्यादा व सुरक्षितता

वरील उपाय उष्णोदकाच्या दुनळी व्यवस्थेसाठी आहेत. न्यूयॉर्कसारख्या शहरांतील जुन्या इमारतींत वाफेवर चालणारे एकनळी रेडिएटर आढळतात. त्यांना ते लागू पडत नाहीत. अनेक सदनिकांना सामाईक बॉयलर असल्यास इमारतीच्या व्यवस्थापनामार्फतच दुरुस्ती करवून घेतात. ब्रिटनमध्ये बॉयलरच्या वायुजोडणीचे काम ‘गॅस सेफ रजिस्टर’ या नोंदवहीत नाव असलेल्या व्यक्तीनेच करणे कायद्याने बंधनकारक आहे.

महत्त्व

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत थंडीच्या दिवसांत घरातील किमान तापमान १८ अंश सेल्सियस असावे, अशी शिफारस केली आहे. वृद्ध, बालके व दीर्घकाळ आजारी असलेल्यांना याहून अधिक ऊब लागू शकते. दूरची खोली तापत नाही म्हणून बॉयलरचे तापमान वाढवल्यास इंधन अधिक खर्ची पडते आणि मूळ दोष तसाच राहतो. आधुनिक संघनन बॉयलर परतीचे पाणी सुमारे ५५ अंशांपेक्षा थंड असतानाच ज्वलनवायूंतील वाफेची उष्णता परत मिळवू शकतात. म्हणून अशा बॉयलरांत योग्य संतुलनामुळे उबेबरोबरच इंधनाचीही बचत साधते.